बाबांचा होकार

१९०९च्या उन्हाळ्यात ग्रीनलंडच्या किनाऱ्याने महिनाभर एकट्याने कयाक वल्हवून एनोक बहिणीच्या गावी पोचला. काम वडिलांकडे होतं. विधवा तबिताशी लग्न करायला त्यांनी साफ मनाई केली होती आणि ती मागे न घेताच ते हिवाळ्यात वारले. पण वसंतात बहिणीला मुलगा झाला, त्याला वडिलांचं नाव दिलं, म्हणजे रीतीप्रमाणे वडीलच परत आले. बहिणीने चार महिन्यांचे वडील त्याच्या मांडीवर ठेवले. “बाबा, आता तरी तबिताशी लग्न करू?” बाबांनी त्याचा कान धरून ओढला. “ओळखलं बघ तुला, दादा,” बहीण म्हणाली. “आणि लग्नाचं?” बाबांनी मांडी ओली केली. “होकारच. नाही म्हणायचं असतं तर भोकाड पसरलं असतं.” एवढ्यात बाबांचे ओठ थरथरले. एनोकने त्यांना बहिणीकडे दिलं आणि त्यांचं मत बदलायच्या आत कयाक पाण्यात लोटली.