एक छोटं तिकीट

मूल येण्याआधी घरात पाळणा आणला तर अपशकुन होतो, असं सासूबाईंनी बजावलं होतं. म्हणून ओर्नेल्ला दर रविवारी नवऱ्याबरोबर इटलीतल्या ओर्ता तळ्यावर जाऊन बोटीचं एक छोटं तिकीट जास्तीचं काढायची आणि कठड्याजवळची जागा अडवून ठेवायची. कोलंबियाहून दत्तक येणाऱ्या बाळाची ती जागा. तिकीटवाल्या आजोबांनाही हे पाठ झालं होतं. "दोन मोठी, एक छोटं, ना?" या रविवारी मात्र नवरा घुटमळला. "थांबा आजोबा. अगं, परवा तिथून फोन आला होता. बहीणभाऊ आहेत. दिलं तर दोघांना एकत्रच देणार म्हणतात." "आणि दोन दिवस मिठाची गुळणी धरून बसलास, गाढवा?" "तू नाही म्हणशील, म्हणून घाबरलो." मागची रांग कुरकुरली, बोटीचा भोंगा वाजला. "बाई, एक की दोन?" आजोबांनी विचारलं. "दोन!" ओर्नेल्ला म्हणाली, "आणि आता जागेवरून भांडतील बघा कार्टी!"