मधल्या खोलीतला उजेड

“आता बघा,” कारागीर शिडीवरून म्हणाला आणि त्याने छतात दुधी काचेची चकती बसवली.

मधली खोली उजळून निघाली. दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांच्या भिंती असल्यामुळे त्या खोलीला खिडकी नव्हती. सून तिथे दिवसाही दिवा लावून घड्याळे दुरुस्त करत असे. आता गच्चीवरचा पारदर्शक घुमट ऊन गोळा करत होता आणि आतून आरशासारखी चकाकणारी नळी ते थेट तिच्या टेबलावर आणून सोडत होती.

“झालं,” सासूबाई म्हणाल्या. “हिच्या डोळ्यांची काळजी मिटली. आता मी थोरल्याकडे राहायला जायला मोकळी. खोलीत उजेड आला की निघते, असा शब्दच दिलाय त्याला.”

“जा की,” सून हातातल्या घड्याळावरून नजर न काढता म्हणाली. “माझ्या चहाला नावं ठेवणारं तरी कोणी उरणार नाही.”

“चहा म्हणतेस त्याला?”

दोन दिवसांनी खोली पुन्हा अंधारली. सुनेने फोन केला. कारागीर दुपारी आला, तेव्हा टेबलावर लख्ख प्रकाश पडला होता. त्याने घुमट पुसला, नळीचे सांधे तपासले आणि डोके खाजवले.

“वहिनी, सगळं ठीक आहे.”

“सकाळी नव्हतं.”

पुढच्या आठवड्यात तेच. त्याच्या पुढच्याही. सासूबाईंची बॅग भरली जाई आणि रिकामी होई.

“मी आलो की उजेड येतो, गेलो की जातो,” कारागीर रडकुंडीला येऊन म्हणाला.

“मग तुम्हालाच छताला टांगू या,” सासूबाई म्हणाल्या आणि त्यांनी थोरल्याला फोन लावला. “नाही रे, अजून जमलेलं नाही. या पोरीला अंधारात टाकून कशी येऊ?”

अखेर कारागिराने अख्खी नळीच बदलली. “आता तक्रार आली तर हा धंदाच सोडतो,” असे बजावून तो गेला. थोरल्याने शनिवारी गाडी घेऊन येत असल्याचे कळवले. सासूबाईंनी बॅगेला कुलूप घातले. त्या रात्री सून जेवली नाही. पोट बिघडलंय म्हणाली.

शुक्रवारी सकाळी ती धुणे वाळत घालायला गच्चीवर गेली. चादरी दोरीवर टाकल्या. मग बादलीच्या तळातून तिने जाड काळे कापड काढले, घुमटावर पसरले आणि नेहमीप्रमाणे त्याच्याभोवती नाडी आवळू लागली.

मागे कोणीतरी धापा टाकत होते. गुडघ्यांवर हात टेकून सासूबाई जिन्याच्या तोंडाशी उभ्या होत्या. सुनेच्या हातातली नाडी हातातच राहिली.

“आई, मी…”

“गाठ घट्ट मार,” सासूबाई म्हणाल्या. “मागच्या वेळी वाऱ्याने सुटली होती. मला चढून परत बांधावी लागली.”