भूल देणाऱ्याचं नाव

वहाबचाचांनी संमतीचा कागद तिसऱ्यांदा काउंटरवर परत सरकवला.

"आधी भूल देणाऱ्याचं नाव. मग सही."

काउंटरवरच्या मोहिनीने कपाळावर हात मारला. "चाचा, नाव छापेल शे ना खाले!"

"छापेल शे. पण तो डॉक्टर दोन वरीसपाईन सुरतमा शे. कालच फोन करा मी त्याले."

बाकावरची चार माणसं कान टवकारून बसली. चाचांच्या मुलीला, अतिकाला मात्र कुठे तोंड लपवू असं झालं. आतल्या खाटेवर तिची अम्मी, जाहेदा, पोट दाबून पडली होती. पित्ताशयात खडे. दोन महिने कळा सोसल्यावर कशीबशी आजची ऑपरेशनची तारीख मिळाली, आणि अब्बांनी इथे शहाद्याच्या दवाखान्यात ठाण मांडलेलं.

तीन आठवडे त्यांचं हेच चाललं होतं. गाद्या-रजया भरायच्या दुकानाला कुलूप, आणि चाचा आज नंदुरबार तर उद्या नवापूर. जातील तिथे सवाल तेच. भूल कोण देतं? नोंदणीचा नंबर काय? विम्याचं कार्ड चालतं का? नवापुरात तर एकाने त्यांना तपासणीचे साहेबच समजलं. खुर्ची पुसून दिली, चहा पाजला, वर केळ्यांचा घड रिक्षात ठेवला. चाचांनी चहा घेतला, घड परत केला आणि नंबर तेवढा खिशात घातला. घरी येऊन तपासला, तर तो निघाला दातांच्या डॉक्टरचा!

"ईदचा बकरा घेताना दात मोजतो आपण," ते अतिकाला म्हणाले होते. "मग तुझ्या अम्मीला कोणाच्या हाती द्यायचं ते विचारायला लाज कसली?"

मोहिनीने पेन आपटलं. "चाचा, तुम्ही नवरदेव देखी ऱ्हायनात का डॉक्टर?"

"नवरदेव वाईट निंघना ते पोर माहेरले तरी येस. हाऊ डॉक्टर वाईट निंघना ते ती कोठे येई?"

बाकावर हशा पिकला. चाचा हसले नाहीत. त्यांनी कागदाच्या तळाशी बोट ठेवलं. "आणि हे काय? भुलीचे पैसे वेगळे?"

"ऑपरेशन कार्डवर होईल. भूलवाले डॉक्टर बाहेरून येतात, त्यांचे रोख द्यावे लागतात. सगळेच देतात."

"विमा योजनेच्या फोनवर मी दोनदा विचारलं. भूल त्यातच धरलेली आहे. तरी वेगळे घेणार असाल तर तसं लिहून द्या, शिक्का मारून."

मोहिनीने आतल्या दाराकडे पाहिलं. मग मुकाट्याने ती ओळ खोडली.

एवढ्यात सर्जनसाहेबच बाहेर आले. "काय गोंधळ आहे? चाचा, विश्वास नसेल तर पेशंट घेऊन जा."

अतिकाने अब्बांची बाही ओढली. "अब्बा, बस झालं ना आता. अम्मी तिकडे तळमळतेय."

"तळमळू दे. तळमळतेय म्हणजे जागी आहे." चाचा सर्जनकडे वळले. "नेतो साहेब. फक्त तेवढं लिहून द्या, नाव विचारलं म्हणून पेशंटला बाहेर काढलं."

"गाद्या भरणाऱ्याने आता मला डॉक्टरकी शिकवायची?"

"मी कशाला शिकवू? मी नाव विचारतोय. झोपवायला काय, कोणीही झोपवतं. उठवणारा कोण, ते सांगा."

साहेबांनी खिशातून मोबाइल काढला.

तासाभराने तिशीतली एक बाई दोन जड बॅगा घेऊन जिना चढून आली. "माझं नाव कोण विचारतंय? मी डॉक्टर सीमा. गाव तोरणमाळ. भूलतज्ज्ञ."

तिने हसत हसत प्रमाणपत्र पुढे केलं. चाचांनी चष्मा लावून नोंदणीचा एकेक आकडा मोबाइलवर ताडून पाहिला.

"कागद ठीक आहे. ऑक्सिजनचं दुसरं नळकांडं आहे का? भरलेलं?"

"आहे. मी स्वतः बघते."

"ती शुद्धीवर येईपर्यंत उशाशी कोण बसणार?"

"मीच. ती स्वतःचं नाव सांगेपर्यंत हलणार नाही."

"शेजारच्या दवाखान्यातून बोलावणं आलं तरी?"

"तरी."

चाचांनी मान डोलावली. "मग एक ऐका. पहाटे तिने चोरून चहा प्यायलाय, दुधाचा. मला नाही म्हणाली. पण कप ओला होता."

सीमाचं हसू मावळलं. "बरं झालं सांगितलंत. भुलीला पोट रिकामं लागतं, आता दुपारशिवाय घेता येणार नाही." ती त्यांच्याजवळ बाकावर बसली. "चाचा, इतकं कोणी विचारत नाही. घरात कोणाचं काही झालं होतं का?"

चाचांनी चष्मा काढून पुसला. "थोरल्या भावाचं. साधं हर्नियाचं ऑपरेशन. बेचाळीस वर्षं झाली. झोपला तो उठलाच नाही."

अतिका चमकली. बडे अब्बा, म्हणजे हे थोरले काका, तापाने गेले, असंच घरात सांगत आले होते.

"भूल देणारा शिकलेला नव्हता?"

"सातवी पास. दवाखान्यात फरशी पुसायचा. डॉक्टरने त्याला तोंडावर जाळी धरून भुलीच्या औषधाचे थेंब टाकायला शिकवलं. गाव त्याला छोटे डॉक्टर म्हणायला लागलं, आणि तोही चढून गेला."

"आणि त्याला कोणीच काही विचारलं नाही?"

"भावाने विचारलं होतं. टेबलावर आडवा होता होता. हसत. 'तुला येतं ना रे हे?'"

"मग?"

चाचांनी पेन उचललं, कागदावर सावकाश सही केली आणि तो सीमाच्या हातात दिला.

"मी म्हटलं, भाईजान, डोळे मिटा. मी आहे ना."