मालनताईंची धाव

लेकीने आणून दिलेली नवी स्मार्ट ब्रा घालून, साठीला टेकलेल्या मालनताई गावच्या शाळेच्या मैदानावर धावत होत्या. पाऊल टेकायच्या आत कापड आपसूक आवळायचं, उचललं की सैल व्हायचं. अख्खी फेरी झाली.

"दुखतंय का?" ब्राने कानातल्या यंत्रातून हळूच विचारलं.

"नाही गं बाई," मालनताई म्हणाल्या, आणि जागीच थबकल्या.

पंधराव्या वर्षी खो-खोच्या संघात त्यांच्यासारखी पळणारी दुसरी नव्हती. तेव्हा त्या एकावर एक दोन ब्रा घालायच्या, वर आईच्या जुन्या साडीची पट्टी करकचून गुंडाळायच्या, तरी पळताना डोळ्यांत पाणी यायचं. शेवटी खेळच सोडला. "अंगचोर झाली पोरगी," सर म्हणाले. आईलाही ते पटलं, आणि हळूहळू मालनताईंनाही. दुखतंय का, हे मात्र तेव्हा कुणी विचारलंच नव्हतं.

मालनताई शाळेच्या पायरीवर मटकन बसल्या. हुंदके आवरेनात. छाती धावताना व्हावी तशी जोरजोरात वरखाली होऊ लागली.

"छान पळताय, ताई," ब्रा म्हणाली आणि तिने त्यांना घट्ट सावरून धरलं.