शब्दाला शब्द

"मावशी, हे म्हणताहेत, उत्तर बदलायची ही शेवटची संधी आहे," तोशिये म्हणाली.

शिगेनोमावशी खुर्चीत सावरून बसल्या. "बदलायचं कशाला? लिहिलं तेव्हा मी शुद्धीवर होते. आणि तू किती वाळलीस गं! छावणीतला भात तू खातेस की उंदरांना घालतेस?"

"काय म्हणाली?" टेबलापलीकडून कॅप्टनने विचारलं.

"उत्तर कशाला बदलायचं, म्हणते. लिहिताना शुद्धीवर होते, म्हणते. आणि मी वाळले आहे. भात मी खाते की उंदरांना घालते, असं विचारतेय."

कॅप्टन हसला नाही. त्याच्या टेबलावर अजून चाळीस कागद होते.

तोशिये एकही शब्द गाळत नसे. दोन वर्षं ती रसायनशास्त्र शिकली होती. थेंबाचा फरक पडला तरी प्रयोग फसतो, हे तिच्या अंगात मुरलं होतं. मग जपानशी युद्ध सुरू झालं आणि कॅलिफोर्नियातल्या साऱ्या जपानी घरांबरोबर तीही ॲरिझोनाच्या वाळवंटात, तारेच्या कुंपणाआड आली. इथे तिला दुभाष्याचं काम मिळालं. फेब्रुवारीत सरकारने निष्ठेची प्रश्नावली वाटली, तेव्हा मावशींना ती तिनेच वाचून दाखवली होती. शब्दाला शब्द. मथळ्यासकट. मथळा होता, 'छावणी सोडण्याच्या परवानगीचा अर्ज'.

मावशींनी मथळा ऐकला आणि पुढचं काही त्यांच्या डोक्यात शिरलंच नाही. 'होय' लिहिलं की फाटकाबाहेर काढणार, हे त्यांनी मनाशी पक्कं केलं. बाहेर जायचं कुठे? खंडाने कसत होत्या ते शेत दुसऱ्याकडे गेलं होतं. एकुलता एक मुलगा मिनोरू अमेरिकेच्याच लष्करात होता आणि त्याची पत्रं छावणीच्या पत्त्यावर येत होती. म्हणून 'अमेरिकेचे कायदे पाळाल का?' या प्रश्नापुढे त्यांनी 'नाही' लिहिलं.

'नाही' लिहिणारे बेइमान ठरले होते. त्यांना आता दूर उत्तरेतल्या वेगळ्या छावणीत हलवायचं होतं. पुढे जपानला पाठवतील, अशीही कुजबुज होती. मावशींना यातलं काही माहीत नव्हतं.

"मावशी, नीट ऐका," तोशिये घाईने जपानीत म्हणाली, "त्या मथळ्याचा अर्थ तसा—"

"मिस!" कॅप्टनने पेन टेबलावर आपटलं. "मी अजून काही विचारलेलं नाही. सल्ला द्यायचा नाही."

"सर, यांचा गैरसमज झालाय. मी सांगते—"

"सकाळी त्या म्हाताऱ्याच्या वेळीही तू हेच म्हणालीस. मला हिचं उत्तर हवंय, तुझं नको. कायदे पाळणार का? होय की नाही?"

तोशियेने प्रश्न जपानीत सांगितला. शब्दाला शब्द.

मावशींनी मान ताठ केली. "नाही."

कॅप्टन तोशियेकडे बघत होता. आयुष्यात पहिल्यांदाच तोशियेने शब्द बदलला.

"येस," ती म्हणाली.

कॅप्टनचा चेहरा सैल झाला. जुनं उत्तर खोडायला त्याने पेन उचललं.

पण मावशींनी वीस वर्षं रस्त्याकडेला बसून गोऱ्या गिऱ्हाइकांना स्ट्रॉबेरी विकली होती. येस कुठलं आणि नो कुठलं, एवढं त्यांना पुरतं कळत होतं.

"नो, सर!" त्या उठून उभ्याच राहिल्या. कागदावर बोट आपटत म्हणाल्या, "नो! नो!"

कॅप्टनने एकवार तोशियेकडे पाहिलं. मग 'नाही'खाली जाड रेघ ओढली आणि शिक्का मारला.

मावशी खाली बसल्या. टेबलाखाली त्यांनी तोशियेचा हात हातात घेतला आणि थोपटला.

"रडतेस काय, वेडे," त्या हळूच म्हणाल्या. "चुकतं माणूस. मी वेळेवर सावरलं ना?"