पहिली सही

“सिसिलियाबाई, पहिली सही तुमची हवी,” फादर बावतीस कागद पुढे करत म्हणाले. “इच्छामरणाचा कायदा नको, असं निवेदन आहे. अकरा वाजता आमदारांना द्यायचंय.”

महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी ते सिसिलियाबाईंच्या नवऱ्याला कम्युनियनचा प्रसाद द्यायला येत. टेबलावर पांढरं कापड, पेटलेली मेणबत्ती आणि गळ्यापर्यंत स्वच्छ चादर ओढून निजलेला, नऊ वर्षं न बोललेला पेद्रू. आजवर फादरांनी एवढंच पाहिलं होतं.

“करते ना. पण त्याला कुशीवर वळवायची वेळ झालीय. आज माझा हात दुखतोय, जरा धरता?”

चादर बाजूला झाली. पाठीवरच्या जखमा पाहून फादरांनी डोळे मिटले, पण हात सोडले नाहीत. पेद्रूच्या घशातून बारीक कण्हणं आलं. सिसिलियाबाईंनी जखमा पुसल्या, मलम लावलं, हात धुतले.

“आणा, कुठे करू सही?”

फादरांना पेन पुढे करवेना. “पुन्हा कधी वळवायचं असतं?”

“दर दोन तासांनी, फादर.”

साडेदहा वाजले होते. फादरांनी निवेदनाची घडी करून खिशात ठेवली आणि पलंगाजवळ स्टूल ओढून घेतलं.