तीन वर्षांनी येणारा ताप

"मॅडम, जो ताप जगात अजून आलाच नाही, त्याचे ठिपके कुणाच्या रक्तात उठलेत का कधी?" मैत्रिणींनी "विचारून दाखव, घाबरट!" म्हणून पैज लावली होती, म्हणून मनवाने विचारलंच.

प्रयोगशाळेतल्या तळेमॅडम हसल्या. पुढे येणारे ताप संगणक आधीच ओळखायचा आणि दरवर्षी शाळेतल्या मुलींचं रक्त त्या तापांसाठी तपासलं जायचं. तापाशी लढणारी प्रत्येक पेशी प्लेटवर एक निळा ठिपका सोडायची.

"प्लेटवर प्रत्येक तापाचा एक खळगा असतो. हा शेवटचा, तीन वर्षांनी येणाऱ्या तापाचा. तो कोराच राहतो, राणी."

दुसऱ्या दिवशी मॅडमनी मनवाला बोलावून घेतलं. तिचा शेवटचा खळगा निळ्या ठिपक्यांनी गच्च भरला होता.

"ताप अंगात शिरला की आठवड्याभरात या पेशी रक्तात येतात, मग नाहीशा होतात," मॅडम हळूच म्हणाल्या. "म्हणजे हा ताप तीन वर्षं आधीच आलाय. गेल्या आठवड्यात कुठे गेली होतीस?"

"कुठेच नाही. घरीच होते, माझ्या धाकट्या भावाला, बाळाला खेळवत."

तिने लगेच घरी फोन लावला.

"बाळ सकाळपासून फणफणलंय गं," आई म्हणाली. "कसला ताप, डॉक्टरांनाही कळेना."

मनवा ठामपणे म्हणाली, "आई, बाबांनाही ऐकव. बाळाला आत्ताच्या आत्ता इथे आणा. त्याच्या तापावरचा उतारा माझ्या रक्तात आहे आणि मी तो देणार. विचारत नाहीये, सांगतेय."